बेरीज १२६.९ टक्के का येते? सांता क्लारा काउंटीतली माणसं आणि त्यांचे रकाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होते आहे, आठ वर्षांची मुलगी बरोबर जाणार. तिथे कोणकोण लोक राहतात हे बघायला सनीव्हेल ज्यात येतं त्या सांता क्लारा काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) २०१० च्या जनगणनेचे आकडे काढले: गोरे ४७.०, एशियन ३२.०, कृष्णवर्णीय २.६, अमेरिकन इंडियन ०.७, पॅसिफिक बेटांवरचे ०.४, 'अन्य वंश' १२.४, दोन किंवा जास्त वंशांचे ४.९ आणि हिस्पॅनिक, म्हणजे मूळ मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांतलं असलेले (लॅटिनोही म्हणतात), २६.९ टक्के. सगळ्यांची बेरीज १२६.९ होते. ही चूक कुणाची? आणि मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरही वंश विचारलाय, तिथे काय भरायचं?

मी या काउंटीत बावीस वर्षं लोकसंख्येच्या तक्त्यांवरच काम करते आहे, आधी शाळांसाठी आणि नंतर सार्वजनिक आरोग्यासाठी. तुमच्या बेरजेत चूक नाही. पहिले सात आकडे जोडून बघा, बरोबर १०० येतात. हिस्पॅनिकांचे २६.९ टक्के त्या शंभराच्या बाहेरचे नाहीत, ते त्यातच विखुरलेले आहेत. जनगणनेच्या फॉर्मवर प्रश्न दोन होते. एक: ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मुळाची आहे का? दुसरा: हिचा वंश कोणता? मेक्सिकन आईवडिलांच्या मुलीने पहिल्याला 'हो' म्हटलं आणि दुसऱ्यात 'गोरी' अशी खूण केली, तर ती दोन्हीकडे मोजली जाते. म्हणूनच त्या काळातल्या तक्त्यांत 'गोरे, हिस्पॅनिक नसलेले' अशी वेगळी ओळ असते आणि तिथे आकडा ३५.२ आहे. त्या ४७ पैकी जवळपास १२ हिस्पॅनिकही आहेत, असा त्याचा अर्थ. 'अन्य वंश'वाले १२.४ टक्के तर जवळजवळ सगळेच लॅटिनो. फॉर्मवरच्या एकाही वंशाच्या नावात त्यांना स्वतःची ओळख सापडली नाही, म्हणून ते तिथे गेले.

हा दुहेरी प्रश्न आला कुठून, तेही समजून घ्या. १८४८ च्या तहात अमेरिकेने मेक्सिकोचा निम्मा मुलूख घेतला, त्यात कॅलिफोर्निया आलं. तिथल्या मेक्सिकन लोकांना नागरिकत्व द्यावं लागलं आणि त्या काळी परक्याला नागरिक व्हायचं तर तो कायद्याने 'गोरा' असावा लागे. म्हणून मेक्सिकन कागदोपत्री गोरे झाले. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश म्हणून छापला, त्यावर मेक्सिको सरकारपासून इथल्या मेक्सिकन नागरिकांपर्यंत सगळ्यांनी हरकत घेतली आणि १९४० ला तो काढून टाकला. पुढे १९७० मध्ये नमुन्यापुरता आणि १९८० पासून घरोघरी हिस्पॅनिक मुळाचा वेगळा प्रश्न आला.

२०२० मध्ये आणखी एक बदल झाला. 'गोरे' या खुणेखाली मूळ देश लिहायला जागा दिली, आणि लिहिलेल्या उत्तरांचं वर्गीकरण करायची पद्धतही बदलली. परिणाम बघा: देशभरात फक्त 'गोरे' म्हणून मोजले गेलेले हिस्पॅनिक २०१० मध्ये निम्म्याहून जास्त होते, ते २०२० मध्ये साधारण २० टक्क्यांवर आले. एकाहून जास्त वंशांचे म्हणून नोंदलेले लोक ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेले. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं झाली नाहीत. माणसं बहुतांश तीच होती, त्यांना विचारायची आणि त्यांना मोजायची रीत बदलली. म्हणून कुठल्याही काउंटीचे दोन जनगणनांमधले वंशाचे टक्के शेजारीशेजारी ठेवताना आधी दोन्ही वर्षांचे फॉर्म उघडून बघायचे, ही माझी पहिली सवय. नव्या माणसाला मी आकड्यांच्या आधी फॉर्मच वाचायला देते.

आता आपला रकाना. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण इथे येणाऱ्या मराठी माणसाला तो सहसा कुणी सांगत नाही. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनांमध्ये 'हिंदू' हा एक वंश होता. तेव्हा कॅलिफोर्नियातले भारतीय बहुतेक पंजाबी शीख शेतकरी, त्यांच्यात काही मुसलमान. त्या सगळ्यांच्या नावापुढे वंश म्हणून 'हिंदू' लिहिलं गेलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये मोकळी झाली. १९७० च्या जनगणनेत मात्र भारतीयांना चक्क 'गोरे' या गटात धरलं. सत्तरच्या दशकात इथल्या भारतीय संघटनांनी त्यावर खटपट केली आणि १९८० च्या फॉर्मवर 'एशियन इंडियन' हा रकाना पहिल्यांदा आला. १९१५ च्या आसपास इथे जन्मलेला एखादा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा १९४० ला 'हिंदू', १९७० ला 'गोरा' आणि १९८० ला 'एशियन इंडियन' झाला असेल, शेत तेच, घर तेच. आपल्याकडे १९३१ नंतर सगळ्या जातींची गणना झाली नाही आणि आता २०२७ च्या जनगणनेत ती होणार म्हटल्यावर कोणती नोंद कशी करायची यावर केवढी चर्चा चालू आहे. रकान्यांची ताकद मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

'एशियन इंडियन' या शब्दाने एक घोळही होतो. २०१० च्या मार्चमध्ये सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये मी ओळखीच्या लोकांना फॉर्म भरायला मदत करत होते. स्वयंपाकघरातलं टेबल, चहाचे कप, पिशवीभर टपाल. कोल्हापूरहून वर्षभरापूर्वी आलेला एक मुलगा पटकन भरून मोकळा झाला. मी कागद हातात घेतला, तर 'अमेरिकन इंडियन' वर काळ्या शाईची ठसठशीत खूण, आणि खाली 'टोळीचं नाव लिहा' या जागेत इंग्रजीत 'मराठा'. त्याचा तर्क सरळ होता: 'ताई, मी इंडियन, आता अमेरिकेत राहतो.' मी त्याला समजावून दुरुस्त करून घेतलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या काउंटीत अमेरिकन इंडियन म्हणजे इथले मूळ रहिवासी ०.७ टक्केच नोंदले जातात, तिथे आपल्यासारख्यांच्या अशा काहीशे खुणाही त्यांचं चित्र बिघडवायला पुरेशा आहेत. ही जमीन ओलोनी लोकांची. सॅन होजे म्हणजे काउंटीतलं सगळ्यात मोठं शहर, त्याच्या आजच्या मध्यभागी त्यांच्यातले तामिएन राहत. त्यांचे वंशज मुवेक्मा ओलोनी आजही इथे आहेत आणि केंद्र सरकारच्या अधिकृत मान्यतेसाठी अजून झगडत आहेत. तेवढ्याच रकान्यात मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेले तिथल्या मूळ जमातींचे मिश्तेक, सापोतेक, माया लोकही असतात. २०२० च्या फॉर्मवर तर उदाहरणांत 'माया' आणि 'अ‍ॅझ्टेक' छापलेलंच होतं. एवढीशी ओळ, आणि तिच्यात एवढी माणसं.

काउंटीचं आजचं चित्र बघायचं तर २०२० ची एकूण लोकसंख्या १९ लाख ३६ हजार २५९. त्यात एशियन साधारण ३९ टक्के, हिस्पॅनिक नसलेले गोरे २९ च्या आसपास, हिस्पॅनिक २५, कृष्णवर्णीय दोनहून थोडे जास्त. कुणाचंच बहुमत नाही. हे लोक एका फटक्यात आलेले नाहीत, थराथराने आलेत.

१७७७ मध्ये स्पॅनिशांनी इथे सांता क्लाराचं मिशन आणि सॅन होजेची वस्ती वसवली. न्यू आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणीत मेक्सिकन आणि कॉर्नवॉलचे इंग्रज कामगार डोंगरावरच्या वेगवेगळ्या वस्त्यांत राहत. पुढे फळबागांचं शतक आलं: जर्दाळू, प्लम, चेरी, आणि फळं डब्यात भरणारे कारखाने. तिथे इटालियन, पोर्तुगीज, जपानी, फिलिपिनो, मेक्सिकन हात राबले. चिनी लोक त्याआधीपासून होते. १८८७ मध्ये सॅन होजेच्या भर बाजारातली त्यांची वस्ती कुणीतरी जाळली. त्याबद्दल शहराने २०२१ मध्ये रीतसर माफी मागितली. १९४२ मध्ये इथल्या जपानी कुटुंबांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. काही परतली, म्हणूनच सॅन होजेचं जपानटाउन आज देशात उरलेल्या तिघांपैकी एक आहे. शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ पन्नाशीच्या दशकात पूर्व सॅन होजेच्या ज्या वस्तीत राहत होते, तिचं नाव 'साल सी पुएदेस' म्हणजे 'जमलं तर निसट'. पावसाळ्यात तिथल्या कच्च्या रस्त्यांवर गाड्या रुतायच्या.

१९६५ च्या कायद्याने देशादेशांचे जुने कोटे गेले आणि इंजिनिअर येऊ लागले, आधी तैवानमधून, मग भारतातून, मग मुख्य चीनमधून. १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि व्हिएतनामी निर्वासित आले. चिपचे कारखाने तेव्हा जोरात होते. सर्किट बोर्ड जुळवणाऱ्या ओळींत व्हिएतनामी बायका रात्रपाळी करत. आज व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त व्हिएतनामी लोक सॅन होजेत आहेत. एका शनिवारी सकाळी स्टोरी रोडला जाऊन या. एका बाजूला फो या व्हिएतनामी सुपाच्या पातेल्यांची वाफ, मॉलच्या आवारात पटावर वाकलेले म्हातारे, आणि रस्ता ओलांडला की पानादेरियातून, म्हणजे मेक्सिकन बेकरीतून, गोड पावाचा वास आणि स्पॅनिश रेडिओ. आपले लोक सनीव्हेल-क्युपर्टिनोतून वर्षानुवर्षं इकडे फिरकत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. काउंटी तीच, पण निम्मी न बघितलेली.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. काउंटीची सरासरी प्रत्यक्षात कुठल्याच गल्लीत राहत नाही. २०१० मध्येच क्युपर्टिनोत एशियन ६३ टक्के होते, तर दक्षिण टोकाच्या गिलरॉयमध्ये हिस्पॅनिक ५८ टक्के. गिलरॉय म्हणजे लसणाच्या शेतांचं गाव. 'मिश्र काउंटी' वाचून प्रत्येक शाळेत सगळे असतील असं वाटतं, तसं नाही. घर बघण्याआधी तुम्हाला खरंच परिसर कळायचा असेल तर सेन्सस ट्रॅक्ट बघा. साधारण चार हजार लोकवस्तीचा तो तुकडा असतो. मात्र जनगणना ब्युरो दर वर्षी काही घरांची पाहणी करतं, अशा पाच वर्षांचे ट्रॅक्टचे आकडे हा नमुन्यावरचा अंदाज असतो, शेजारी तो अंदाज किती चुकू शकतो ती मर्यादा छापलेली असते, ती वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. २०२० च्या गणनेत तर गुप्ततेसाठी लहान भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केलेली आहे. राज्याचा एकूण आकडा तसाच ठेवला, पण एकेका ब्लॉकवर विसंबून कुणी काही ठासून सांगत असेल तर ऐकू नका.

आणि मोजणीत सगळे सारखे मोजले जात नाहीत. जनगणनेनंतर ब्युरो स्वतःच पडताळणी करतं. २०२० च्या पडताळणीत देशभरात हिस्पॅनिक ४.९९ टक्के कमी मोजले गेले, कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी. हिस्पॅनिक नसलेले गोरे १.६४ टक्के जास्त आणि एशियन २.६२ टक्के जास्त मोजले गेले. पूर्व सॅन होजेत गॅरेजमध्ये राहणारी कुटुंबं मी बघितली आहेत. दाराला वेगळा नंबर नाही, टपालपेटी नाही, घरमालकाला नोंद नको असते. गणक पुढच्या दारावर टकटक करून निघून जातो. जे मोजले गेले नाहीत त्यांच्या नावाने दवाखाना नाही आणि बालवाडीही नाही.

माझ्या कामातला सगळ्यात जवळचा प्रश्न मात्र 'एशियन' या एका मोठ्या रकान्याचा आहे. काउंटीतले ३९ टक्के एका ओळीत टाकले की त्यांची सरासरी छान दिसते: शिक्षण जास्त, उत्पन्न जास्त, आजार कमी. तीच ओळ फोडा. व्हिएतनामी लोकांत हिपॅटायटिस बी आणि त्यातून होणारा यकृताचा कर्करोग मोठा प्रश्न आहे. तो भारतीय, जपानी यांच्या बेरजेत बुडून जातो. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो. बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीचा आमचा हा भाग) आणि शिकागोतल्या दक्षिण आशियाई लोकांवर 'मसाला' नावाचा दीर्घ अभ्यास २०१० पासून चालू आहे, तो याच कारणाने. एशियन लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून करावी, २५ ची वाट बघू नये, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची शिफारस २०१५ पासून आहे. तुम्ही डॉक्टरकडे 'एशियन' एवढंच लिहिलंत तर ते तुमच्या फाइलमधून दिसतच नाही. 'कृष्णवर्णीय' या ओळीतही पिढ्यान्‌पिढ्यांची आफ्रिकन अमेरिकन कुटुंबं आणि अलीकडच्या दशकांत आलेले इथिओपियन-इरिट्रियन एकत्र असतात, आणि दोघांच्या गरजा एक नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून आरोग्याचे आकडे एशियन गटांनुसार वेगळे करायला लावले. त्यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, पत्रं लिहिली. कोविडच्या पहिल्या वर्षात वंशवार आकडे नसते, तर लोकसंख्येत चौथाई असलेल्या लॅटिनो कुटुंबांत निम्म्याच्या आसपास रुग्ण आहेत हे आम्हाला कळलं नसतं, आणि चाचणीचे तंबू कुठे उभे करायचे तेही.

जे कुठल्याच रकान्यात येत नाही तेही सांगते. जात इथल्या फॉर्मवर नाही, पण ती माणसांबरोबर विमानातून आली आहे. जातीवरून भेदभावाला स्पष्ट बंदी घालणारं विधेयक २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलं, राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यात ते संरक्षण आहेच, असं त्यांचं म्हणणं. त्या सुनावण्यांना इथले आंबेडकरी लोक प्रवास करून राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, जात होते. 'एशियन इंडियन' असं एकच नाव वाचताना ही माणसंही त्याच ओळीत आहेत, हे लक्षात असू द्या.

पुढच्या वेळी फॉर्म बदलायचं ठरलं आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने ठरवलं की वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे एकाच प्रश्नात विचारायचं, आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेच्या लोकांना वेगळा गट द्यायचा. इथल्या इराणी लोकांना आजवर 'गोरे' धरत. तुमची १२६.९ ची अडचण पुढे राहू नये हाही त्यामागचा हेतू, पण मग २०२० शी तुलना करताना पुन्हा दोन्ही फॉर्म समोर ठेवावे लागतील.

तुमच्या घरापुरतं सांगायचं, तर जनगणनेत नागरिकत्व बघत नाहीत. एच-१बी, एच-४, ग्रीन कार्ड, सगळे मोजले जातात. सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, ज्यांचं कायमचं घर भारतात आहे, ते मोजायचे नसतात. दर वर्षी काही घरांना येणारी मोठी पाहणी तुमच्या दारी आली तर फेकून देऊ नका. तिच्यात घरची भाषा विचारतात आणि आपले बरेच लोक तिथे 'इंडियन' लिहितात. त्या नावाची भाषाच नाही, त्यामुळे ते उत्तर कुठल्याही भाषेच्या खात्यात जमा होत नाही. तमिळ आणि तेलुगू यांना त्या तक्त्यांत स्वतःची ओळ आहे. आपली ओळ आहे 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय आर्य भाषा'. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते.

शाळेच्या फॉर्मवरही तेच दोन प्रश्न असतील. हिस्पॅनिक? 'नाही'. वंश? 'एशियन इंडियन'. त्याच गठ्ठ्यात घरच्या भाषेबद्दल चार प्रश्नांचा एक वेगळा कागद येईल: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही तिच्याशी कोणत्या भाषेत बोलता, घरातली मोठी माणसं काय बोलतात. बरेच मराठी पालक घाबरून सगळीकडे 'इंग्लिश' लिहितात, मुलाला मागे टाकतील म्हणून. तसं करू नका. मराठी लिहिलंत तर सुरुवातीच्या महिन्याभरात तिची इंग्रजीची चाचणी होईल. ती इंग्रजीत तयार असेल तर तशी नोंद होऊन विषय संपतो, नसेल तर तिला जास्तीची मदत मिळते आणि ती मदत हा तिचा हक्क आहे. राज्याच्या शाळांच्या भाषागणनेत मराठी स्वतःच्या नावाने मोजली जाते. त्या चार जागांपैकी जिथे खरं असेल तिथे 'मराठी' लिहा, आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या शाळेत गेलात तर तो हाताशी असलेला बरा.